ताप न्हाय, कसर हाय

‘स्थानिक’ या शब्दाची मला चीड आहे. भाजी स्थानिक असावी, सुट्टी स्थानिक असावी, निवडणुकासुद्धा स्थानिक असाव्यात, माझी काही हरकत नाही. पण विषाणूशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेल्या बाईला, तिच्याच घराच्या ओटीवर, तिच्याच आईच्या हातचे घावणे खाता खाता कोणी म्हणालं की “वा, म्हणजे तू आमची स्थानिक,” तर तळपायाची आग मस्तकात जाते. माझी गेली. ती अजून खाली उतरलेली नाही आणि उतरावी अशी माझी इच्छाही नाही.

हे कसं झालं ते नीट सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील बाई उगीच चिडचिडी आहे. बाई चिडचिडी आहेच, पण उगीच नाही.

दिवेआगरला आमची नारळी-सुपारीची लहान वाडी आहे. वडील मी शाळेत असतानाच गेले, वाडी आईनेच सांभाळली. वादळात तिची निम्मी झाडं आडवी झाली. मोकळ्या पडलेल्या जागेत आईने पुढे दोन खोल्या बांधून घेतल्या आणि पाहुणे ठेवायला सुरुवात केली. वादळ आलं तेव्हा मी इथे नव्हते. ते साथीचं वर्ष होतं आणि मी जिल्ह्यातल्या एका चाचणी प्रयोगशाळेत कंत्राटावर होते. अंगात तो प्लास्टिकचा झगा, तोंडावर दोन-दोन मास्क आणि समोर स्वॅबच्या नळ्यांचे ढीग. गावाकडचे मोबाइलचे मनोरे पडले होते, त्यामुळे आईची खबर कळायला काही मार्ग नव्हता. नळ्या मात्र येतच होत्या. मी रडत होते आणि हात चालू होते. मास्कच्या आत रडलेलं कोणाला कळत नाही, आणि हातमोजे घातलेल्या हाताने डोळे पुसता येत नाहीत.

त्या दिवसांत आमच्यासारख्यांचे फार लाड होते. स्वॅबमधून आरएनए काढता येणारा माणूस म्हणजे साक्षात देव. मोठमोठे साहेब आम्हाला नावाने हाक मारायचे, जेवलात का म्हणून विचारायचे. मग साथ ओसरली, कंत्राटं संपली आणि एका सकाळी फाटकावरच्या माणसाने आमची ओळखपत्रं काढून घेतली. बदल्यात एक मानपत्र मिळालं. त्यात मला योद्धा म्हटलेलं आहे. आईने ते पाहुण्यांच्या खोलीत कॅलेंडरशेजारी लावलं. उतरलेले लोक चहा पिताना ते वाचतात, “अरे वा” म्हणतात आणि बीच किती लांब आहे ते विचारतात.

तेव्हापासून मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास झाला तर पगार, आणि गणपतीची सुट्टी लागली की आपणही मखरात बसल्यासारखं नुसतं बसून राहायचं. विषाणूंचा भाग मी फळ्यावर चित्रं काढून शिकवते. विषाणू एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत, तिला फ्लास्क म्हणतात, पेशींचा पातळ थर वाढवायचा. त्यावर रुग्णाच्या रक्तातलं वरचं पाणी सोडायचं आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहायचं. विषाणू असला तर पेशी हळूहळू गोल होतात, तळ सोडतात आणि तरंगायला लागतात. हे सगळं पुस्तकात आहे आणि मी ते इतक्यांदा शिकवलंय की झोपेतही म्हणेन.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, तुम्ही बघितलंय हे?”

“नाही,” मी म्हटलं.

वर्गात कोणी हसलं नाही, पण मला ते फार लागलं. चाचणीच्या कामात विषाणू म्हणजे पडद्यावर वर चढत जाणारी एक रेघ. ढिगाने रेघा पाहिल्या मी. तो वाढताना कधी पाहिला नाही. पोहायला शिकवणाऱ्याने कधी पाण्यात पाय घातला नसावा, तशी माझी गत. मला एकदा तरी स्वतःच्या हाताने विषाणू वाढवायचा होता. नोकरी, पीएच.डी., नावापुढचं डॉक्टर, ते सगळं नंतर. आधी ते.

आणि ते शिकवणारं एक प्रशिक्षण निघालं. ‘उमेदीच्या काळातील शास्त्रज्ञांसाठी’ असं जाहिरातीत लिहिलं होतं. माणसाची उमेद कितव्या वर्षी संपते हेही त्यांनीच ठरवून टाकलं होतं आणि मी त्या मर्यादेच्या अगदी काठावर उभी होते. एका मोठ्या संस्थेत राहायचं, सेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे आतलं काही बाहेर निसटू न देणाऱ्या काचेच्या कपाटात, हात घालून पेशी वाढवायच्या, विषाणू वाढवायचे. ‘ग्रामीण भागातील उमेदवारांना प्रोत्साहन’ असंही एक वाक्य तळाला होतं. मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला.

मुलाखत ऑनलाइन होती. आमच्याकडे रेंज वाडीच्या टोकाला, विहिरीपाशी येते. मी बऱ्यापैकी साडी नेसले, विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवला आणि माडाला पाठ लावून बसले. पडद्यावर मुख्य सर होते आणि आणखी दोघं, जे शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

“मधे एवढा गॅप का?” सरांनी विचारलं.

मी म्हटलं, “गॅप नाही सर, तेव्हा मी चाचणी प्रयोगशाळेत होते.”

“ते रूटीन झालं. संशोधन काय केलंत?”

“संशोधन शिकायला मिळावं म्हणूनच अर्ज केलाय.”

सर हसले. वाईट नव्हते हसले, लहान मुलाला हसतात तसे. “तसं नसतं,” ते म्हणाले, “आधी थोडा हात बसलेला असावा लागतो.” म्हणजे ज्याला विषाणू वाढवता येतो त्याला हे विषाणू वाढवायला शिकवणार. एवढ्यात माझ्या मागे धाडकन झावळी पडली आणि सर दचकले. “हे काय झालं?” मी म्हटलं, “झावळी पडली, सर.” “इंटरेस्टिंग,” ते म्हणाले. माझ्या सबंध मुलाखतीत त्यांना तेवढीच एक गोष्ट इंटरेस्टिंग वाटली.

नकार आला. स्पर्धा तीव्र होती म्हणे. आई अंगणात सुपारी वाळत घालत होती, तिला सांगितलं. “मंग फुडल्या साली,” ती म्हणाली. पुढच्या साली माझी उमेद संपणार होती, ते मी तिला सांगितलं नाही.

पाऊस सरला, ऑक्टोबरचं ऊन भाजायला लागलं, आणि एक दिवस आई खुशीत सांगत आली की दोन्ही खोल्या आठवडाभर भरल्या. “डाक्टर लोकं येतायत, बाय. रोगाचा तपास करायला.” म्हटलं, असतील कोणी. गाडी वाडीच्या तोंडाशी थांबली आणि तिच्या काचेवरचा कागद मी वाचला. तेच प्रशिक्षण होतं. प्रयोगशाळेत शिरण्याआधी निवडलेल्या मुलांनी आठवडाभर गावात हिंडून तापाच्या लोकांचं रक्त गोळा करायचं, असा त्यात एक भाग होता. त्यासाठी आमचं गाव निवडलं होतं. आमच्याकडे करवंट्यांत पाणी साठतं, डास भरपूर, आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला समुद्र आहे.

सकाळी सर ओटीवर बसून घावणे खात होते. आवाज मी लगेच ओळखला. त्यांनी मला ओळखलं नाही. आई वाढता वाढता म्हणाली, “माजी पोरगी पन यातलंच शिकलीय, सायेब.”

सर माझ्याकडे वळले. काय शिकलीस विचारलं, मी सांगितलं. “अरे वा! म्हणजे तू आमची स्थानिक. स्थानिक समन्वयक!”

“सर, मी तुमच्याकडेच अर्ज केला होता,” मी म्हटलं. “झावळी पडली होती.”

त्यांना झावळी आठवली. “अच्छा, ती तू! बघ, संधी कशी चालून घरी आली.” आणि त्यांनी आणखी एक घावणा मागितला.

मी तिथेच नाही का म्हटलं नाही, असं कोणी विचारेल. एक तर ती आईची पाहुणी माणसं होती, आईच्या ओटीवर तोंड कसं वाजवायचं? आणि खरं म्हणजे मला आशा होती. आठवडाभर काम करू, काम दिसेल, आतलं दार थोडं तरी किलकिलं होईल. चिडका माणूस मूर्खही असू शकतो.

माझं काम असं: घराच्या दाराशी जाऊन ओळख करून द्यायची, संमतीचा कागद वाचून दाखवायचा आणि मग बाजूला व्हायचं. प्रश्न विचारताना मी जवळ थांबायचं नाही, कारण शेजारची बाई ऐकत असली की लोक खरं सांगत नाहीत, असं सरांचं म्हणणं. त्यामुळे प्रश्न मुलं विचारायची आणि मी पायरीवर बसून नळ्यांवर चिकटवायचे कागद सोलत राहायचे. ज्यांना गेल्या काही दिवसांत ताप आला असेल त्यांचंच रक्त घ्यायचं होतं. मुलांत पुण्याची एक मुलगी होती, हसरी, कामसू. ती मला ताई म्हणायची आणि माझ्याकडून करवंटीत साठलेल्या पाण्यातल्या अळ्या बघायला शिकली. तिच्यावर माझा राग नव्हता. माझी जागा तिने घेतली असं माझ्या मनात अधूनमधून यायचं, पण ती जागा माझी होतीच कधी?

पहिले दिवस कोरडे गेले. ज्याला त्याला विचारावं तर ताप नाही. “गेल्या आठवड्यात ताप?” “न्हाय ओ, ताप कुठला.” नळ्या रिकाम्या, बर्फाच्या पेट्या रिकाम्या. सर संध्याकाळी चुळबुळ करायला लागले. इथे काहीच नाही, आता श्रीवर्धनच्या बाजूला जाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमच्याच आळीत एका म्हाताऱ्या काकूंकडे गेलो. काकू एवढ्या उकाड्यात डोक्याला फडकं गुंडाळून सुपारी सोलत होत्या. मी ओळख करून देऊन उठायला लागले तर त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. “बस गो, कुठं पळतेस?” त्यामुळे पहिल्यांदाच प्रश्न-उत्तरं माझ्या कानावर पडली.

“काकू, ताप आला होता का?”

“ताप न्हाय. जरा कसर हाय अंगात.”

पुण्याच्या मुलीने मान हलवली आणि टॅबवर लिहिलं. मी वाकून पाहिलं. लिहिलं होतं: ताप नाही, अशक्तपणा.

“हे काय लिहिलंस?”

“त्या म्हणाल्या ना, अंगात कसर आहे. म्हणजे काहीतरी कमी आहे ना, ताई? ताकद वगैरे?”

ती मराठीच. घरात मराठी, शाळा मराठी. पण तिच्या लेखी कसर म्हणजे ती ‘काही कसर ठेवली नाही’ मधली. मी तिचा टॅब हातात घेतला आणि मागे मागे जात राहिले. घरामागून घर, ताप नाही, अशक्तपणा. अख्खी आळी अशक्त करून टाकली होती पोरांनी.

कसर म्हणजे बारीक ताप. आमच्याकडे ताप म्हणजे माणसाने अंथरूण धरलं, भात नको झाला, गोधडीवर गोधडी घातली तरी हुडहुडी जाईना, तो ताप. त्याच्या अलीकडची सगळी कसर. कसर असताना बाई पाणी भरते, गडी माडावर चढतो, लोक म्हसळ्याला जाऊन बाजार करून येतात. कसरीची कोणी तक्रार करत नाही. कोणी नेमकं त्याच शब्दात विचारलं तर सांगतात, नाहीतर ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हे.

मी सरांना सांगितलं. पहिल्यांदा ते म्हणाले, प्रश्न मंजूर करून आणलेला आहे, त्यात एक शब्द बदलता येणार नाही. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला. फोनाफोनी झाली, कुठून तरी परवानगी आली आणि प्रश्नात ‘ताप किंवा कसर’ झालं. त्याच दिवशी आम्ही परत त्याच घरांची दारं वाजवली. कसर? हाय की. कालपासनं हाय. पोराला पन हाय. नळ्या भरायला लागल्या, पेट्यांत बर्फ कमी पडायला लागला, मुलं आनंदाने ओरडत फिरायला लागली.

शेवटी आम्ही घरी आलो. आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. पुण्याच्या मुलीने गमतीने विचारलं, “काकू, तुम्हाला नाही ना कसर?”

“हाय की,” आई म्हणाली. “परवापासनं हाय. मनगटं पन धरल्यात.”

मी तिच्या कपाळाला हात लावला. कढत होतं. “मला सांगितलं का नाहीस?” मी जवळजवळ किंचाळले.

“ताप थोडाच हाय? पावनं हायत घरात.”

तिचं रक्त तिथेच, पाटावर बसवून घेतलं. ती त्या दिवसाची शेवटची नळी. तिच्यावरचा कागद मी चिकटवला, आकडा मीच लिहिला.

रात्रीच्या जेवणाला सरांना स्फुरण चढलं. वालाच्या बिरड्यावर ताव मारत त्यांनी मुलांना सांगितलं, फील्डवर कान उघडे ठेवावे लागतात, लोकांची भाषा समजून घ्यावी लागते, बघा, आपण कसा तो शब्द शोधून काढला. ‘आपण’ ऐकून पुण्याच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. सर हात धुवायला मोरीपाशी आले तेव्हा मी टॉवेल घेऊन उभीच होते.

“सर, तुमच्या पुढच्या भागात मला घ्या. प्रयोगशाळेत. जागा नसेल तर कोपऱ्यात उभी राहीन, पण एकदा हाताने करू द्या.”

त्यांनी टॉवेल घेतला. “अगं, नियम असतात ना. तुझी निवड झालेली नाही. आणि खरं सांगू? तुझ्यासारख्यांची गरज इथे आहे. सगळेच आत गेले तर बाहेर कोण राहणार? तुझं नाव आपण आभारात नक्की घालू.”

तुझी गरज इथे आहे! हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे आणि ते नेहमी इथे न राहणारा माणूसच म्हणतो. इथल्या माणसाने गावात राहावं, वाट दाखवावी, दारं वाजवावीत, म्हाताऱ्यांना समजवावं, शब्द सांगावेत, भाकरी वाढावी. हे सगळं त्याला जन्मतःच येतं, तेव्हा त्याला शिक्षण म्हणायचं नाही आणि अनुभवही म्हणायचं नाही. सुपारी पाडावी तसं ते आमच्याकडून काढून न्यायचं. त्याच्या बदल्यात मी काय मागत होते? एक काचेचं कपाट, त्यात घालायला दोन हातांची जागा आणि शेजारी उभं राहून “असं नाही, असं” म्हणणारं कोणीतरी. मी स्वॅब तपासले ते रूटीन. मी शब्द सांगितला ती स्थानिक माहिती. त्या मुलीने तोच शब्द टॅबवर लिहिला की ते संशोधन. हा भेद कोणी केला आणि कुठे बसून केला, ते मला एकदा कळायला हवं आहे.

ते गेले. रक्ताच्या पेट्या गाडीत मधल्या सीटवर ठेवल्या आणि त्यांना पट्टा लावला. आईने प्रत्येकाला नारळ दिला. त्यानंतर ती स्वतः अंथरुणाला लागली, म्हणजे आमच्या भाषेत तिला ताप आला. ताप उतरला पण सांधे धरूनच राहिले. मनगटं सुजली, नारळ खवायला बसली की डोळ्यांत पाणी यायचं. मी सरांच्या ऑफिसात विचारलं, तिच्या रक्तात काय निघालं? उत्तर मिळालं की हे संशोधन आहे, वैयक्तिक अहवाल देत नाहीत. मग तिला श्रीवर्धनला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चालताना बघूनच चिकनगुनिया म्हटलं आणि गोळ्या लिहून दिल्या. आळीतल्या बायका वाटेत अडवून मला विचारायच्या, “आमच्या रगताचं काय झालं?” मी काय सांगणार? मीच त्यांना रक्त द्यायला पुढे केलं होतं आणि मलाच काही कळत नव्हतं.

दिवाळीनंतर पुण्याच्या मुलीने एक फोटो पाठवला. ‘ताई, बघा! तुमच्या गावचा पहिला!’ सूक्ष्मदर्शकाखालचं दृश्य होतं. कुठे कुठे थर अजून शाबूत, आणि मधे मोकळी मैदानं, तिथे पेशी गोल होऊन, सुटून तरंगत होत्या. मी वाडीत उभी होते, तशीच विहिरीपाशी जाऊन बसले आणि फोटो मोठा करून बघत राहिले. आधी मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? पुस्तकातल्यासारखंच होतं सगळं, अगदी तस्संच. तिने सोबत फ्लास्कचाही एक फोटो पाठवला होता. त्यावर तिने नळीचा आकडा लिहिला होता. तो आकडा माझ्या अक्षरात मी आधी लिहिलेला होता, त्या दिवसाच्या शेवटच्या नळीवर.

तो माझ्या आईचा होता. जगात मला जी एक गोष्ट करायची होती ती माझ्या आईच्या रक्तावर झाली, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने झाली. मी त्या मुलीला ‘छान’ एवढंच लिहिलं. तिची काही चूक नव्हती.

पुढच्या तुकडीच्या वेळी सरांचा फोन आला. आवाजात साखर. “अगं, तुझं एक सत्र ठेवलंय. लोकांशी कसं बोलायचं, ताप आणि कसर, ते सगळं. ऑनलाइन नको, इथे संस्थेत ये. मुलांना फार उपयोग होईल.”

“येते,” मी म्हटलं. “सकाळी शिकवते आणि दुपारी मुलांबरोबर कॅबिनेटवर बसते.”

“तुझं वय आता नियमात बसत नाही गं. फार तर निरीक्षक म्हणून बस. बघायचं, हात लावायचा नाही.”

शिकायला मी चालत नव्हते, शिकवायला चालत होते. उद्या कळवते म्हणून मी फोन ठेवला.

आई मनगटांना तेल चोळत बसली होती. काय झालं विचारलंन. मी सगळं सांगितलं. फोटो दाखवला. तो तिच्याच रक्तातला आहे हेही सांगितलं, आजवर सांगितलं नव्हतं. तिने फोन लांब धरून डोळे बारीक करून पाहिलं.

“ह्यो माज्या रगतातला?”

“हो.”

“त्यांनी वाढीवला?”

“हो.”

“आनि तू हात लावायचा न्हाय?”

“नाही.”

तिने तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, “मंग माजं रगत परत माग.”

मला हसू आलं. “आई, असं परत मागता येत नाही.”

“का न्हाय? तूच वाचून दावलंस की सगळ्यांना. नको वाटलं तर कवाबी सांगा, कारन बी सांगू नका, आमी काढून टाकू म्हनून.”

खरंच होतं ते. संमतीच्या कागदावर तसं वाक्य होतं आणि मी ते दारोदार, आरती म्हणावी तसं, अर्थाकडे न बघता म्हटलं होतं. गावात ते ऐकलं होतं फक्त आईने.

सकाळी मी विहिरीपाशी सरांना फोन लावला आणि आईच्या हातात दिला. ती उभ्या उभ्याच बोलली. “सायेब, माजी नळी काढून टाका. तिच्यातनं वाढीवलंय त्ये पन.”

सरांचा आवाज मला बाजूला उभं राहून ऐकू येत होता. काकू, असं करू नका, हा तुमच्या भागातला पहिलाच, त्यावर सगळं पुढचं काम उभं आहे, देशाच्या उपयोगाचं आहे. आई “व्हय, व्हय” करत ऐकत होती. त्यांचं बोलून झाल्यावर म्हणाली, “मंग माज्या पोरीला हात लावू द्या, नळी ठेवा.”

“काकू, त्याला नियम असतात...”

“त्यो पन नियमच हाय, सायेब. तुमीच लिवलेला.”

मग सर म्हणाले, बघतो, वरती विचारून सांगतो.

“इचारा,” आई म्हणाली. “तवर तुमी पन हात लावू नका.”